नाकापेक्षा मोती जड नको!

सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि रविवारी डोंगरातली लाल मातीची वाट. दोन्ही कामे एकाच मोटरसायकलने होतात का? होतात. मात्र शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी स्वतःचा रस्ता, स्वतःची उंची आणि स्वतःची ताकद यांचा हिशेब मांडायला हवा.

रविवारी पहाटे साडेपाचला पुण्याच्या चांदणी चौकात उभे राहून पाहा. उंच, सडपातळ, रुंद हॅन्डलच्या मोटरसायकली मुळशीच्या दिशेने निघालेल्या दिसतील. पुढचे चाक जवळजवळ सायकलीएवढे मोठे, मडगार्ड चोचीसारखे पुढे आलेले, टायरला जाडजूड खाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंजवडीच्या गर्दीत याच गाड्या सिग्नलला उभ्या असतात. चिखल अजून निघालेला नसतो आणि वरच्या तरुणाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असते!

या गाड्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालणारी, नंबरप्लेट असलेली, कायदेशीर मोटरसायकल. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तिची हौस चांगलीच वाढली आहे. बडोद्याचा मराठी मुलगा हिच्यावरून कच्छला जातो, इंदूरचा मांडूला, बेळगावचा चोर्ला घाटाकडे. आणि मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर विषय निघतो, ‘‘बाबा, मला तसली गाडी घ्यायची आहे.’’

आमच्या घरात हा विषय माझ्या भाच्याने काढला. ताईने लगेच मला फोन केला. ‘‘तू त्याला समजाव. तुझ्या पायात अजून लोखंडी पट्टी आहे म्हणावं!’’

ती पट्टी कशी आली, ते पुढे सांगतोच.

दूधवाल्याची राजदूत

कच्च्या वाटेवर मोटरसायकल चालवणे आपल्याला नवे नाही. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून वाडी-वस्तीवरून पहाटे निघणारी राजदूत किंवा येझदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. ओढा, मुरुम, चिखल, काही का असेना, दूध वेळेवर पोचायचे. त्या गाड्या खास डोंगरासाठी बनलेल्या नव्हत्या. चालवणाऱ्याला वाट ठाऊक होती आणि गाडी साधी होती, एवढेच.

खास या कामासाठी बनवलेली गाडी जगभर लोकप्रिय केली ती यामाहाने. १९६८मध्ये अमेरिकेत आलेली तिची २५० सीसी गटातली डीटी-१ ही हलकी, उंच गाडी आठवडाभर रस्त्यावर आणि सुट्टीला रानात चालवता यायची. पुढे १९७९च्या पहिल्या पॅरिस-डकार शर्यतीत मोटरसायकलींमध्ये जिंकली तीही याच वंशातली यामाहा एक्सटी ५००.

आपल्याकडे हीरोने २०११मध्ये इम्पल्स ही १५० सीसी गटातली गाडी आणली. कौतुक झाले, पण खप जेमतेम. बाजार तेव्हा तयार नव्हता. २०१६मध्ये रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि २०१९मध्ये हीरोची एक्सपल्स २००. एक्सपल्सची शोरूममधली किंमत तेव्हा एक लाखाच्या आत होती, त्यामुळे ही हौस प्रथमच पगारदार तरुणाच्या आवाक्यात आली. दरम्यान २०१५मध्ये सी. एस. संतोष डकार शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय मोटरसायकलस्वार ठरला होता. २०१९मध्ये बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले. तेव्हा ही फक्त मुलग्यांची हौस आहे, असेही कुणी समजू नये.

आधी वहीत हिशेब

भाच्याला मी पहिल्यांदा वही-पेन घेऊन बसवले. तो सिंहगड रोडवर राहतो, नोकरी हिंजवडीला. जाऊन-येऊन ४५ किलोमीटर. महिन्याचे २२ दिवस धरले तर ९९० किलोमीटर. शिवाय महिन्यातून दोन रविवार, दर खेपेला १२० किलोमीटर. पण त्यातली खरी मातीची वाट ३० किलोमीटर. म्हणजे महिन्याच्या १,२३० किलोमीटरपैकी कच्चा रस्ता किती? फक्त ६०! शंभरात पाच.

भाचा हिरमुसला. ‘‘म्हणजे मामा, साधी गाडीच घेऊ?’’

तसे नाही. हा हिशेब दोन भागांत वाचायचा असतो. टायर, पेट्रोल, दुरुस्ती आणि आराम या गोष्टी ९५ किलोमीटरांनी ठरवायच्या, कारण पैसे तिथे खर्च होतात. गाडीचे वजन आणि उंची मात्र उरलेल्या पाच किलोमीटरांनी ठरवायची, कारण आपण पडतो तिथे! बहुतेक जण नेमके उलटे करतात. शहरात रुबाब दिसावा म्हणून जड गाडी घेतात आणि रानाच्या हौसेने तिला खाचांचे टायर चढवतात. मग गाडी ना धड शहराची, ना धड रानाची.

पडली तर उचलणार कोण?

आता माझ्या पायातल्या पट्टीची गोष्ट. २०१६च्या जुलैमध्ये मी अशीच एक भारदस्त गाडी घेतली होती. पेट्रोल भरून वजन दोनशे किलोच्या वर. हमरस्त्यावर ती राजासारखी चालायची. भोरच्या पुढे, वरंधा घाटाच्या अलीकडे एका वाडीकडे जाणारी वाट दिसली आणि मी हौसेने गाडी आत घातली. एकटाच होतो. अर्ध्या किलोमीटरवर चाकोरीत पुढचे चाक घसरले. वेग चालण्याएवढाच होता, पण गाडी आडवी झाली आणि डावा घोटा तिच्याखाली सापडला. पाऊस चालू होता आणि फोनला रेंज नव्हती. गाडी उचलायचा प्रयत्न केला, ती वीतभरसुद्धा हलली नाही.

तासाभराने भातलावणीला निघालेल्या दोन बाया आणि एक म्हातारे बाबा आले. तिघांनी मिळून गाडी उचलली. बाबा म्हणाले, ‘‘येवढं जड जनावर कशापायी आणलं, दादा? आपल्याच्यानं उठंना, त्ये जनावर आपलं न्हाई.’’

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशन झाले, तीन महिने घरी बसलो. पण गाड्यांबद्दल कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते ते त्या बाबांनी एका वाक्यात शिकवले. आपल्याला एकट्याने उचलता येत नाही, ती गाडी रानात आपली नव्हे.

कच्च्या वाटेवर पडणे हा अपघात नसतो, तो शिकण्याचा भाग असतो. दिवसातून तीनदा पडलात तर तीनदा उचलावी लागते, आणि तिसऱ्यांदा हात थरथरत असतात. शोरूममध्ये कोरी गाडी आडवी करून कुणी दाखवणार नाही, हे खरे. म्हणून ओळखीत कुणाकडे तीच गाडी असेल तर गवताच्या मैदानावर, मालकाच्या परवानगीने, ती हळूच आडवी करून उचलून पाहा.

उचलण्याचीही रीत आहे. आधी इंजिन बंद करा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइडस्टँड बाहेर काढून ठेवा आणि गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे उभी होताना पलीकडे कलंडणार नाही. हॅन्डल एका बाजूला पूर्ण वळवा. सीटकडे पाठ करून खाली बसा, एका हाताने हॅन्डल, दुसऱ्याने सीटखालची पकड धरा आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे सरका. कमरेतून वाकून ओढलीत तर गाडी राहील बाजूला, कंबर मात्र धरेल!

सीटची उंची : आकड्याने फसू नका

वाटेवरच्या दगडांवरून जायचे तर गाडीचे पोट जमिनीपासून उंच हवे आणि शॉकॲब्सॉर्बरला दाबायला भरपूर जागा हवी. साहजिकच सीटही वर जाते. रोजच्या साध्या गाडीची सीट साधारण ८०० मिलिमीटरच्या आसपास असते, या गाड्यांची बहुधा ८२०च्या पुढे. इथेच पाच फूट चार इंचांचा माणूस बिचकतो.

पण नुसता आकडा वाचून परत फिरू नका. सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर फाकतात. शिवाय आपण बसल्यावर गाडी वजनाने थोडी दबते. तेव्हा रोजचे बूट घालून जा, बसून पाहा. दोन्ही चवडे टेकले तर उत्तम. एकच पाय नीट टेकत असेल, तरी गाडी हलकी असेल तर जमते. टोकावर उभे राहून जड गाडी तोलावी लागत असेल, तर मोह आवरा. सिग्नलला रस्ता थोडा उतरता लागला तरी तारांबळ उडेल.

चाके, टायर आणि ब्रेक

या गाड्यांचे पुढचे चाक सहसा २१ इंचांचे असते. मोठे चाक दगड-खड्ड्यांवरून सहज चढून जाते, त्यात अडकत नाही. उलट शहरात चपळाईने वळायला १७ इंची चाक बरे. १९ इंची हा मधला मार्ग. ज्यांची वाट म्हणजे फार तर खडीचा रस्ता, त्यांना तो पुरतो.

तारांचे चाक खड्ड्यात आदळले तर लवते, वाकले तर सरळ करून घेता येते. आलॉयचे चाक जोराच्या माराने तडकू शकते. पण तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. मंगळवारी सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या वाटेवर पंक्चर झाले की ट्यूबलेस टायरची किंमत कळते! तारांच्या चाकाला ट्यूबलेस टायर ही सोयही आता काही गाड्यांवर मिळते. रोजचा प्रवास लांबचा असेल तर तिची चौकशी जरूर करा.

मोठ्या खाचांचे टायर चिखलात पकड घेतात. ओल्या डांबरावर मात्र त्यांचा थोडाच भाग रस्त्याला टेकतो, ब्रेक उशिरा लागतो. ते घूं घूं आवाज करतात आणि लवकर झिजतातही. शंभरात पाच किलोमीटर मातीवर जाणाऱ्याने मध्यम खाचांचे, दोन्हींकडे चालणारे टायरच ठेवावेत. कच्च्या वाटेवर टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते. परत डांबरावर येताच ती भरून घ्यायची. छोटा हातपंप आणि हवा मोजायचे मीटर सोबत ठेवा.

ब्रेकचेही असेच आहे. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही सोय शहरात जीव वाचवते. सुट्या खडीच्या उतारावर मात्र ती वारंवार ब्रेक सोडते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. म्हणून या गटातल्या अनेक गाड्यांना मागच्या चाकाचे एबीएस बंद करायची सोय असते. ती आहे का, हे घेतानाच विचारा. आणि डांबरावर येताच एबीएस पुन्हा चालू झाले की नाही, हे पाहायची सवय लावा.

इंजिन किती मोठे?

‘‘मामा, चारशे सीसी तरी हवीच ना?’’ भाच्याचा पुढचा प्रश्न.

रानात वेग लागत नाही, लागते ती कमी वेगात न गचकता ओढण्याची ताकद. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, चालण्याच्या वेगाने चढ चढता आला पाहिजे. त्याला २०० सीसी पुष्कळ होते. मोठे इंजिन हवे ते महामार्गावर तासन् तास ९०-१००च्या वेगाने जाण्यासाठी, किंवा मागे माणूस आणि सामान घेऊन लडाखसारख्या लांबच्या सफरीला.

बाजारातली तीन उदाहरणे पाहा. हीरोची २०२५मध्ये आलेली एक्सपल्स २१०, वजन १६८ किलो, सीट ८३० मिलिमीटर. रॉयल एनफील्डची २०२३च्या अखेरीस आलेली ४५२ सीसीची हिमालयन, वजन १९६ किलो, सीट ८२५ मिलिमीटर, १७ लिटरची टाकी. कावासाकीची केएलएक्स २३०, वजन अवघे १३९ किलो. पण सीट ८८० मिलिमीटर आणि टाकी जेमतेम साडेसात लिटरची. तिघींचेही पुढचे चाक २१ इंचीच, पण स्वभाव तीन. पहिली रोजच्या कामाला आणि रविवारच्या वाटेला मध्यम. दुसरी लांब पल्ल्याची, पण रानात अनुभवी हातांची. तिसरी रानातली राणी, पण रोजच्या ४५ किलोमीटरला पंपाच्या वाऱ्या करायला लावणारी.

खिशाचाही विचार हवा. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. शिवाय पेट्रोल. वर मांडलेल्या १,२३० किलोमीटरांना ३५च्या ॲव्हरेजने ३५ लिटर लागतात, २८च्या ॲव्हरेजने ४४. म्हणजे दर महिन्याला ९ लिटरांचा फरक. आणि हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, घोटा झाकणारे बूट, हातमोजे यांचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. ते ‘नंतर बघू’ म्हणणारे नंतर डॉक्टरांकडे बघतात!

मागे कोण बसणार?

घरात एकच गाडी असेल तर तिच्यावर आईला देवळात आणि पत्नीला लग्नाला न्यावे लागते. उंच सीटवर साडी नेसून चढणे सोपे नाही. मोटर वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हॅन्डल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचे निम्मे चाक झाकणारा साडीगार्ड असणे आवश्यक आहे. हौशी मंडळी रानात अडकतो म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. तसे करू नका. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपण ऐकतोच. गाडी ठरवण्याआधी मागे बसणाऱ्यालाही शोरूममध्ये न्या आणि बसवून पाहा. त्यांचे मत अर्धे धरा.

वाट आहे म्हणून जायचेच, असे नाही

गाडी कुठेही जाते म्हणून आपण कुठेही न्यावी, हे बरोबर नाही. अभयारण्यात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी नेणे गुन्हा आहे. कासचे पठार २०१२मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या यादीत आहे. अशा सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो, त्यावरून एकदा चाके फिरली की पुढच्या वर्षी तिथे फूल उगवेलच असे नाही. २०२५मध्ये शिवकाळाशी नाते सांगणारे १२ किल्लेही जागतिक वारसा ठरले. गडाच्या पायवाटा पायांसाठीच आहेत. शेताचे बांध, पेरलेली जमीन आणि देवराई यांतूनही गाडी नेऊ नका. गावात हळू जा, सायलेन्सर बदलून गाव जागे करू नका. ज्या माणसांच्या वाटेवर आपण रविवारी मौजेला जातो, ती माणसे अडचणीला धावून येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी

• महिन्याचे डांबरी आणि कच्चे किलोमीटर वहीत मांडा.

• पेट्रोल भरलेल्या गाडीचे वजन विचारा. तेच खरे वजन.

• क्लचची दांडी, आरसा, इंडिकेटर यांच्या किमती विचारा. पडल्यावर आधी हेच तुटतात.

• सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, ते पाहा.

• इंजिनाखाली पत्रा आणि हॅन्डलला हातांचे संरक्षण आहे का, नसल्यास बसवता येते का?

• जुनी गाडी घेत असाल तर रिम, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची तेलगळती, चेन-स्प्रॉकेट आणि एअर फिल्टर तपासा. फिल्टर मातीने भरलेला असेल तर मालकाने निगा राखलेली नाही, असे समजा.

• कच्च्या वाटेवर एकटे जाऊ नका. कुठे जातोय, ते घरी सांगून जा.

आणि भाच्याचे काय झाले?

ताईला मी सांगितले, ‘‘नको म्हटलंस तर तो मित्राची घेऊन जाईल. त्यापेक्षा योग्य ती घेऊ दे.’’ भाच्याच्या मित्राकडे दोन गाड्या होत्या, एक चारशे सीसीच्या वरची, एक दोनशेची. मैदानावर दोन्ही आडव्या केल्या. मोठी गाडी त्याने पहिल्यांदा उचलली, दुसऱ्यांदा अर्ध्यावर सोडली. धाकटी तीनदा उचलली. चौथ्यांदा ताई म्हणाली, ‘‘थांब, मी बघते,’’ आणि पदर खोचून पुढे झाली! तिला ती एकटीने उचलता आली नाही, पण गुडघ्याएवढी हलली. ताईचा चेहरा थोडा सैल झाला.

धाकटी गाडी घरी आली. उरलेल्या पैशांतून बूट, पॅड आणि चांगले हेल्मेट घेतले. महिनाभर भाचा फक्त ऑफिसला गेला, गाडी अंगवळणी पाडली. मग एका रविवारी दोन मित्रांबरोबर मुळशीच्या बाजूला गेला.

दुपारी फोन वाजला. ‘‘मामा, पडलो.’’

माझ्या घोट्यातून कळ गेली. ‘‘लागलं का?’’

‘‘नाही. आरसा फुटला. उचलली, एकट्यानं. आता चहा घेतोय. आईला तू सांगू नकोस, मीच सांगतो.’’

संध्याकाळी ताईचा फोन आला. तो घरी पोचला होता. ती रागावलेली असेल असे वाटले होते. तिने एवढेच विचारले, ‘‘आरसा कितीला मिळतो रे?’’